वाजवायची राहिलेली सुपारी

नरहरमास्तर, तुम्हाला पोहोचवायला सनईवाले कोणी बोलावले, याची चौकशी मी अद्याप सोडलेली नाही. तुमचे थोरले बंधू म्हणतात, त्यांनी निरोप धाडला नाही. वहिनी बोलण्याच्या स्थितीत नव्हत्या. शेजाऱ्यांनी कानांवर हात ठेवले. आणि तरीही तिरडी उंबऱ्याबाहेर निघते न निघते तोच पोशीरचा धाकू आपल्या माणसांसह गल्लीच्या तोंडाशी उभा. पोशीर म्हणजे काही कर्जतची पलीकडली आळी नव्हे. माणूस गेल्याची बातमी तिथवर जावी, तिथून सनई-संबळ घेऊन मंडळी निघावीत आणि नेमकी वेळेवर इथे हजर व्हावीत, याला कोणाची तरी योजना लागते. मामलेदार कचेरीच्या दारात बसून मी आजवर लोकांच्या हकिकती कागदावर उतरवत आलो आहे. आपोआप घडलेली गोष्ट मी अजून पाहिलेली नाही.

तुमचा जन्म कुठला, नाटक मंडळीत पेटीवर कोणाकोणाची साथ केलीत, कर्जतच्या किती घरांत मुलींना गाणे शिकवलेत, हे सांगणारे सांगतील. वाचनालयात शोकसभा भरणार आहे. बोलणाऱ्यांत माझे नाव घातले आहे, पण सर्वांत शेवटी घातले आहे. त्याचेही कारण मला समजून घ्यायचे आहे. शेवटच्या माणसाची पाळी येईपर्यंत लोक चपला शोधू लागलेले असतात. म्हणून जे तिथे बोलता येणार नाही ते सुतक फिटायच्या आत इथे लिहून काढतो. तुमच्यापुढे मांडलेला माझा हा पहिलाच कागद असा आहे की ज्यात तुम्हाला दुरुस्ती सुचवता येणार नाही.

तुम्ही पहिल्यांदा माझ्या बैठकीशी आलात तेव्हाच मला तुमचा संशय आला होता. स्वच्छ धोतर, काळी टोपी, काखेत छत्री, आणि चेहऱ्यावर कचेरीत येणाऱ्या माणसाला न शोभणारे समाधान. मी विचारले, "अर्ज कशाबद्दल?" तुम्ही म्हणालात, "वाजंत्र्यांबद्दल." मी विचारले, "आपण त्यांचे कोण?" तुम्ही जरा विचार केलात आणि म्हणालात, "कोणी नाही."

मास्तर, अर्जाच्या पहिल्या ओळीत अर्जदाराचा संबंध लिहावा लागतो. मुलगा, पुतण्या, कूळ, सावकार, वहिवाटदार, काहीतरी. 'कोणी नाही' हा संबंध मी कधी लिहिला नव्हता. मराठी सहावीपर्यंतचे माझे शिक्षण आणि त्यानंतरचा कचेरीचा अनुभव, दोन्ही मला एकच सांगत होते: जो कोणाचा कोणी नाही आणि तरी कोणासाठी काही मागतो, त्याचा हेतू तो सांगतो त्याहून वेगळा असतो. त्यातून ते लढाईचे दिवस. डोंगराकडून येणाऱ्या प्रत्येक अनोळखी माणसाकडे पोलिसांची नजर वळत होती. डोंगरात लपलेल्या कोणा फरारी माणसाचा निरोप पोहोचवत तुम्ही हिंडता आहात काय, हा माझा पहिला तर्क. गावोगावचे वाजंत्री गोळा करून स्वतःचा बँड काढणार आहात काय, हा दुसरा. आज तुम्ही नाही आहात, तरी यांतला कोणताही तर्क मी अधिकृतपणे मागे घेतलेला नाही.

मागणी मात्र सरळ होती, एवढे मी तेव्हाही मान्य केले होते. पूर्वी पाटलाचा शब्द असला की वरातीत सनई वाजत असे. लढाई आली आणि प्रत्येक लग्नाला वाजवण्याचा वेगळा लेखी परवाना लागू लागला. वरपक्षाने कर्जतला यायचे, कागद द्यायचा, पोलिसांचा अभिप्राय यायचा, पुन्हा यायचे. तोवर मुहूर्त टळून नवरी सासरी भात वाढू लागलेली असे. लोकांनी वाजंत्रीच टाकली. धाकूसारखी घरे लग्नसराईवर जगणारी. त्यांच्या चुली थंडावल्या आणि तरणी माणसे सनई खुंटीला अडकवून गिरण्यांकडे निघाली. तुम्ही प्रांतसाहेबांच्या कचेरीत जाऊन विचारलेत की ज्याच्या त्याच्या नावावर सालभराचा एकच परवाना का मिळू नये. तिथल्या कारकुनाने तुम्हाला वाटेला लावण्यासाठी सांगितले, "असे लोक आहेत तरी किती? नावे, गावे, वाद्ये लिहून आणा, मग पाहू." दुसरा कोणी असता तर त्याला त्यातला नकार कळला असता. तुम्ही नावे लिहायला निघालात. आणि अक्षर चांगले म्हणून मला बरोबर घेतलेत.

रकाने मी आखले. नाव, बापाचे नाव, गाव, वाद्य, धंदा पिढीजात की शिकलेला. तुम्ही शेवटी एक रकाना वाढवलात: 'काय अडते?' मी हरकत घेतली. सरकारास कोणाचे काय अडते याच्याशी कर्तव्य नसते, असे मी स्पष्ट सांगितले. तुम्ही म्हणालात, "वकीलसाहेब, बाकीचे रकाने त्यांच्यासाठी. हा आपल्यासाठी." तुम्ही मला वकीलसाहेब म्हणत असा. माझ्याकडे सनद नाही, हे तुम्हाला ठाऊक होते आणि मला ठाऊक आहे हेही तुम्हाला ठाऊक होते. त्यात थट्टा किती आणि मान किती, याचा निवाडा मी कधीच करू शकलो नाही.

शेलूची ती दुपार तुम्हाला आठवत असेल. आपण एका ढोलवाल्याच्या ओटीवर बसलो होतो. म्हातारा अंगणात दोरी वळत होता. तुम्ही ढोलाचे नाव काढले मात्र, त्याने दोरी खाली ठेवली.

"ढोल? कंचा ढोल? आमच्याकडं ढोल न्हवताच कंदी."

"अहो, तुमच्या बापाचा ढोल मी स्वतः ऐकलाय," तुम्ही म्हणालात.

"बाप ग्येला. ढोल बी ग्येला."

तेवढ्यात माळ्यावर पेंढ्यात मांजराने उडी घेतली आणि वरून धुम् असा चांगला भरदार आवाज आला. म्हातारा पुन्हा दोरी वळू लागला. मग आतून म्हातारी म्हणाली, "लिवून घ्या, मांजर वाजवतंय. त्याचंच नाव घाला कागदावर."

तुम्ही इतके हसलात की म्हाताऱ्यालाही हसावे लागले. मग त्याने खरे कारण सांगितले. "नाव लिवलं का पल्टणीत न्हेत्यात, असं समद्या गावात हाय. तिकडं बिगुल फुकायला मान्सं लागत्यात म्हनं." त्या गावात आपल्या दोघांकडे पाहून दारे का लागत होती, ते मला तेव्हा कळले. त्यांचा आपल्यावर संशय, माझा तुमच्यावर, आणि आपण आलो हे पाहून चावडीवरच्या शिपायाचा आपल्या दोघांवर आणि म्हाताऱ्यावर. इतक्या संशयातून एकटे तुम्ही असे चालत होतात की जणू सगळे तुमचे सोयरे. ते मला फार संशयास्पद वाटले.

तुम्ही कमरेची चंची सोडलीत, अख्खी सुपारी काढलीत आणि म्हाताऱ्यापुढे धरलीत. त्याने सुपारीकडे पाहिले, तुमच्याकडे पाहिले, आत म्हातारीकडे पाहिले. मग घेतली, कपाळाला लावली, आणि खाल्ली नाही. धोतराच्या गाठीत बांधली. मला ते खटकले होते, मास्तर. खायची वस्तू माणूस गाठीत का बांधतो?

"कंदी?" त्याने विचारले.

"खालापूरला साहेबांचा मुक्काम पडेल त्या पुनवेला. अंगठे द्यायला यायचंय."

"किती मान्सं आनू?"

"असतील तेवढी सगळी या," तुम्ही म्हणालात.

मी त्या धंद्यातला नाही. सुपारी हातात पडली की काम ठरले, आणि मग फक्त दिवस आणि माणसे एवढेच विचारायचे राहते, ही त्यांची रीत मला त्या वेळी माहीत नव्हती. वाजंत्र्याला इसार लागत नाही, कागद लागत नाही, सुपारी पुरते. पण तुम्ही तर सारा जन्म गाण्या-वाजवण्यात घालवलेला. तुम्हाला ती माहीत नव्हती, यावर मी विश्वास ठेवावा अशी तुमची शेवटपर्यंत अपेक्षा होती. दारोदार तुम्ही तसेच करत गेलात. नाव विचारायचे, पाणी प्यायचे, उठताना सुपारी ठेवायची. आणि दारोदार मी पाहत गेलो की सुपारी गाठीत जात होती.

पोशीरला आपला वाद झाला, तो अजून मिटलेला नाही. धाकूचे नाव, बापाचे नाव, वाद्य सनई, सर्व यथास्थित लिहिले. शेजारी त्याचा भाऊ सोमा बसला होता. त्याला मी विचारले, "तुझे वाद्य कोणते?" तो म्हणाला, "मी नाय वाजवत. मी सूर धरतो."

धाकू सनईवर गाणे वाजवतो तेव्हा सोमा दुसऱ्या सनईवर एकच सूर, श्वास न तोडता, लांबवर धरून ठेवतो. ना चढ, ना उतार. हे मी ऐकले होते. पण तो स्वतःच म्हणाला की मी वाजवत नाही. मी रकान्यात आडवी रेघ ओढली. तुम्ही माझा हात धरलात.

"ही रेघ पुसा, वकीलसाहेब."

"तो स्वतः नाही म्हणतो आहे."

"त्याचा सूर काढून घ्या आणि मग धाकूची सनई ऐका."

"मी ऐकण्याविषयी बोलत नाही. रकान्याविषयी बोलतो आहे."

तिथेच बायजाबाई धवलारीण पाय पसरून तांदूळ निवडत होती. लग्नात मांडवात बसून धवले गाते, देवकापासून सुनमुखापर्यंत सगळे विधी गाण्यातून लावते, ती. तुम्ही तिलाही विचारू लागलात. ती माझ्याकडे पाहून म्हणाली, "माज्या गळ्याला बी परवाना लागतो का रं, अर्जवाल्या? मंग शिंकायच्या आंदी तुला इचारीन." सगळे हसले. तुम्हीही हसलात. मी तिचेही नाव लिहिले नाही. गळा हे वाद्य नव्हे.

नेरळ स्टेशनापर्यंत भाताच्या खाचरांच्या बांधावरून आपण भांडत आलो. तुम्ही म्हणत होतात की जो गाणे उभे राहील अशी जमीन देतो, त्याला तुम्ही भूमिहीन कसे लिहिता. मी म्हणत होतो की अर्जात रूपक चालत नाही; अर्जात चूक निघाली की तो खोटा धरला जातो, आणि मग धाकूचेही जाते. माझे म्हणणे आजही तेच आहे. कोणताही कागद मी त्याच काळजीने लिहितो. शेवटी तुमच्या प्रतीत सोमा आणि बायजाबाई राहिली, माझ्या प्रतीत राहिली नाहीत. गाडीची वाट पाहत असताना तुम्ही चंची सोडलीत आणि एक सुपारी माझ्याही हातावर ठेवलीत. "घ्या, वकीलसाहेब. फार बोललात, घसा सुकला असेल." मला वाटले, सोमाचे नाव घालण्यासाठी ही लाच आहे. मी ती खाल्ली नाही. कलम-दौतीच्या पेटीत टाकली.

पुनवेच्या दिवशी मी स्वच्छ प्रत घेऊन खालापूरला लवकर पोहोचलो. आमराईत प्रांतसाहेबांचे तंबू लागले होते. मी माझी पगडी झटकून नीट बसवत होतो, तोच पाहतो तर कर्जतच्या वाटेने आणि घाटाच्या वाटेने माणसे येत आहेत, आणि एकाचाही हात रिकामा नाही. सनया, संबळ, ढोल, ताशे. धुतलेले सदरे, नवे फेटे. शेलूचा म्हातारा माळ्यावरचा ढोल शेंदूर लावून घेऊन आला होता. बायजाबाई नाकात नथ घालून आली होती. धाकू सनईची पत्ती ओठांत भिजवत उभा. म्हातारा माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "नवरा कुटं हाय?"

"कसला नवरा?"

"मंग नवरी तरी?"

"अरे, इथे प्रांतसाहेब आहेत!"

त्याने तंबूकडे पाहिले, मग माझ्याकडे. "त्यांचं लगीन हाय? या वयात?"

सालभराच्या परवान्याचा अर्ज माझ्या हातात, आणि परवान्याशिवाय वाजवायला आलेला जमाव माझ्या पाठीशी. फौजदार झपझप आला. "कोणी जमवलं हे?" सगळ्यांनी एका आवाजात सांगितले, "मास्तरांनी सुपारी दिली." फौजदाराने कागद काढला आणि प्रत्येकाचे नाव लिहू लागला. आपण इतकी गावे पालथी घालून केलेले काम त्याने आंब्याच्या सावलीत बसल्या बसल्या केले.

साहेब बाहेर आले. तुम्ही गर्दीतून पुढे झालात, हात जोडलेत, आणि म्हणालात, "साहेब, आपण यादी मागितली होती. काही माणसं कागदावर मावेनात, म्हणून ती चालत आली."

हे वाक्य कोणाला आयत्या वेळी सुचते, मास्तर? मी अर्ज लिहिणारा आहे. घडवलेले वाक्य मला वासावरून कळते.

साहेब हसले नाहीत, रागावलेही नाहीत. म्हातारा, ढोल, बायजाबाईची नथ, सगळे त्यांनी सावकाश पाहिले. "कोणी वाजवायचे नाही," एवढे बोलले. अर्ज घेतला, चौकशी करून कळवू म्हणाले आणि आत गेले. मंडळी आली तशी परतली. धाकूने भिजवलेली पत्ती पुसून डबीत ठेवली, तेव्हा त्याचे तोंड मला पाहवले नाही. पुढे मला चावडीवर बोलावून विचारण्यात आले, हे अक्षर तुझेच का, आणि जमाव करायची मसलत कोणाची. कचेरीच्या दारातली माझी बैठक त्या दिवसांत जाता जाता वाचली. हे तुम्हाला मी कधी सांगितले नव्हते. आता सांगतो.

परतताना बैलगाडीत मी तुम्हाला थेट म्हटले, "तुम्ही जाणूनबुजून केलेत."

"काय?"

"सुपारी."

"अहो, कोणाच्या दारात गेलो, त्याचं पाणी प्यालो, त्याचं दुःख विचारलं. रिकाम्या हातानं उठायचं? चंचीत सुपारी होती, दिली."

"वाजंत्र्याच्या हातावर ठेवलेली सुपारी म्हणजे काय, हे तुम्हाला ठाऊक नव्हते?"

"आमच्या नाटक मंडळीत करारपत्र असे," तुम्ही म्हणालात, आणि बैलाच्या शिंगांकडे पाहत राहिलात. खरे बोलणाऱ्या माणसाला बैलाच्या शिंगांकडे पाहण्याचे कारण पडत नाही.

अर्ज पुढे अलिबागेला जिल्ह्याच्या कचेरीत गेला, तिथून उत्तर आले नाही. लग्नसराई आली तशी मुकी गेली. आणि तुम्हाला हिवतापाने धरले. मी भेटायला येत असे, पण माझे येणे निखळ विचारपूस नव्हते, हे तुम्ही ओळखत होतात. गोधड्यांखाली तुम्ही कुडकुडत होतात, पेटीवर कापड पडले होते. मी म्हणालो, "मास्तर, आता तरी सांगा."

तुम्ही उलट विचारलेत, "तुम्हाला दिलेली सुपारी खाल्लीत?"

"नाही."

"का?"

"संशय आला होता."

तुम्ही हसू लागलात, हसता हसता खोकू लागलात. वहिनी काढा घेऊन आल्या आणि माझ्याकडे अशा पाहू लागल्या की जणू ताप मीच आणला आहे. "मग ठेवा," तुम्ही म्हणालात. ठेवा म्हणजे काय, असे मी विचारले. पण तुम्ही डोळे मिटले होते. खरेच झोप लागली की उत्तर टाळलेत, हे मी वहिनींना कसे विचारणार?

एक गोष्ट मात्र निःसंशय आहे, तेवढी नोंदवून ठेवतो. आपला अर्ज पुरा झाला त्या दिवशी तुम्ही तो मोठ्याने वाचलात. 'तरी मेहेरबान साहेबांनी कृपावंत होऊन' इथपर्यंत आलात आणि थांबलात. म्हणालात, "वकीलसाहेब, तुमच्या लिहिण्याला लय आहे. समेवर येता." इतकी वर्षे लोकांनी माझ्या अर्जांतून जमिनी मिळवल्या, दंड माफ करून घेतले, बंदुकीचे परवाने काढले. लय आहे असे कोणी म्हटले नव्हते. त्या दिवसापासून मी ओळ लिहून झाली की मनात म्हणून पाहतो. ती सवय तुम्ही मला लावलीत, आणि ती जात नाही.

आता त्या सकाळकडे येतो. धाकू गल्लीच्या तोंडाशी, मागे सोमा, शेलूचा म्हातारा. तुमचे बंधू पुढे झाले. "सनई मंगल वाद्य. ती या कामाला आणायची नाही. निघा."

धाकूने फेटा काढून हातात घेतला. "मंगल म्हंजी काय, त्ये आमाला बी ठावं हाय, काका. पन सुपारी घ्येतलीय." त्याने कमरेच्या गाठीतून ती काढली, सुकून काळी पडली होती. "खालापूरला वाजवू दिलं नाय. वाजवल्याबिगर ही खाता येत नाय, टाकता येत नाय. ज्यानं दिली त्याला परत करावी, तर त्यो हा असा निजलाय. मंग आमी कुटं फेडायची?"

बंधू तरी वाटेतून हटेनात. धाकूनेच तोड काढली. "मी नाय फुकत. गानं नाय व्हायाचं. सोमा निस्ता सूर धरंल."

आणि तुमची तिरडी उचलली. पुढे मडके, मागे सोमाचा सूर. बाजाराच्या कोपऱ्यावर शिपायाने हात आडवा केला. "परवाना हाय का?"

माझ्या आधी कोणी तरी बोलेल अशी मी वाट पाहिली. सगळे माझ्याकडे पाहत होते, धाकूसुद्धा. तेव्हा मी पुढे झालो आणि म्हणालो, "परवाना वाजवण्यास लागतो. हा इसम वाजवीत नाही, सूर धरतो. या बाबतीत त्याचा स्वतःचा जबाब आहे आणि सरकारकडे दाखल असलेल्या अर्जाच्या प्रतीत वाजवणाऱ्यांच्या रकान्यात त्याचे नाव नाही. खात्री करून घ्यावी."

शिपाई सोमाकडे पाहत राहिला. सोमाचे गाल फुगलेले, डोळे मिटलेले, सूर तुटत नव्हता. "अर्जवाले, तुमी म्हनता तर तसं," असे म्हणून त्याने हात खाली घेतला.

मास्तर, आपला वाद मी भर बाजारात, तुमच्या समक्ष जिंकलो, आणि तुमच्याकडून हू की चू आले नाही. तुम्ही तो वाद माझ्या प्रतीपुरता अर्धा का सोडून दिला होतात, याचा मी आता विचार करतो आहे.

उल्हास नदीच्या काठापर्यंत तो एकच सूर चालत राहिला. त्यावर गाणे नव्हते. ज्याने त्याने आपापले काय ऐकले असेल ते असो. मला पेटी ऐकू येत होती. मी मागे वळूनही पाहिले, कोणी पेटी आणली आहे काय म्हणून. कोणी आणली नव्हती.

अग्नी दिल्यावर मंडळी पाण्याशी बसली. धाकूने काठावरचा धोंडा घेऊन सुपारी फोडली, तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाला, "फिटली." बाकीच्यांनी आपापल्या गाठी सोडल्या. मी उठायच्या बेतात होतो, तर तो म्हणाला, "तुमची कुटं हाय?"

"माझी कसली?"

"तुमाला बी दिली व्हती न्हवं? मास्तर सांगत व्हते. म्हनले, अर्जवाल्यानं बी घ्येतलीय. आता त्यो मदीच सोडून जायाचा नाय."

हे त्यांनी तुला केव्हा सांगितले, असे मी विचारले. तो म्हणाला, "त्याच दिशी. नेरळवरनं निरोप धाडला व्हता."

मी अलिबागेला स्मरणाचा अर्ज लिहायला घेतला आहे. जुनी प्रत जशीच्या तशी जाणार नाही. सोमाचे नाव आहे, बायजाबाईचे आहे, आणि वाद्याच्या रकान्यात तिच्यापुढे मी 'गळा' असे लिहिले आहे. बाजारात शिपायाला जे सांगितले त्याच्याशी हे विसंगत आहे, याची मला जाणीव आहे. ते त्या दिवसापुरते होते. 'काय अडते?' हा रकानाही पाठवतो आहे. अर्जदाराचा संबंध या ओळीशी मी अडून बसलो होतो. बराच वेळ गेला. शेवटी तिथे लिहिले: 'सुपारी घेतलेला.' साहेबांना कळणार नाही. धाकूला कळेल.

ती सुपारी पेटीत दौतीशेजारी आहे. परवाना येईपर्यंत ती खाता येत नाही, हे आता मला कळले आहे. पण नेरळच्या स्टेशनात ती माझ्या हातावर ठेवताना तुम्ही माझ्याकडे पाहत होतात की गाडी येते आहे का ते पाहत होतात, तेवढे मात्र, मास्तर, कितीही केले तरी मला आठवत नाही.